मृतदेहांची साक्ष

रहस्यकथेत शेवटच्या पानावर खुनी सापडतोच. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असो की कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स, नायकाच्या नजरेला एखादा रक्ताचा डाग पडतो आणि कोडे उलगडते. परंतु असेही काही खून घडून गेले आहेत, की ज्यांचे शेवटचे पान अद्याप कोणाच्या हाती लागलेले नाही. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपेल या गरीब वस्तीत आणि तिच्या लगत, ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली या पाच स्त्रियांचे गळे चिरून खून झाले. एका पत्राखालच्या सहीवरून खुन्याला ‘जॅक द रिपर’ हे नाव मिळाले. तो स्वतः मात्र मिळाला नाही. पाचही मृतदेह डॉक्टरांनी तपासले होते. मग त्यांतून खुन्याचा माग का लागू नये?

मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही या प्रश्नाने मला इतके पछाडले, की मिळेल ते वाचत गेले. जे समजले ते येथे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे पुरावा जपण्याची शिस्तच तेव्हा रुळलेली नव्हती. निकोल्सचा देह भल्या पहाटे रस्त्यात सापडला. डॉ. लेवेलिन यांनी गळ्यावरील जखमा पाहिल्या आणि देह हलविण्यास सांगितले. पोटावरही वार आहेत, हे शवागारात नेल्यावर एका पोलीस इन्स्पेक्टरच्या लक्षात आले! शवागार तरी कसले, निराधारांच्या वर्कहाउसची एक शेड. डॉक्टरांनी शवविच्छेदन करण्यापूर्वीच तेथील दोघा आश्रितांनी कपडे उतरवून देह धुऊन टाकला. आठ दिवसांनी ॲनी चॅपमनच्या बाबतीतही तसेच घडले. डॉ. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स यांनी चौकशीत त्याबद्दल तक्रार केली. पण रक्ताचे ओघळ आणि डाग पाण्याबरोबर गेले ते गेलेच.

दुसरा प्रश्न मृत्यूच्या वेळेचा. फिलिप्स सकाळी साडेसहाला चॅपमनच्या देहापाशी पोहोचले. मृत्यूला निदान दोन तास झाले असावेत, असे त्यांचे मत पडले. म्हणजे साडेचारपूर्वी. परंतु पावणेपाचच्या सुमारास त्याच पायरीवर बसून गेलेल्या माणसाला देह दिसला नव्हता आणि एका बाईने साडेपाचला चॅपमनला जिवंत पाहिल्याची साक्ष दिली. खरे कोणाचे? गारठ्यात आणि फार रक्त गेल्यावर देह लवकर थंड होतो, ही पुस्ती फिलिप्स यांनी स्वतःच जोडली होती. कॉरोनर बॅक्स्टर यांनी अखेर साक्षीदारांवर विश्वास ठेवला.

तिसरा वाद खुन्याच्या कौशल्याचा. त्याला शरीररचनेचे ज्ञान असावे, असे फिलिप्स यांना वाटले. एडोजचा देह तपासणारे डॉ. ब्राउन यांनीही, अवयव कोठे असतात हे खुन्याला माहीत होते, असे सांगितले. मात्र जनावरे कापणाऱ्यालाही एवढे ज्ञान असू शकते, असेही ते म्हणाले. उलट डॉ. टॉमस बाँड यांनी आपल्या अहवालात, खुन्याला खाटकाइतकेही ज्ञान नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे संशयित डॉक्टर, खाटीक की कोणीही? पोलिसांनी शोधावे कोणाला?

एका ठिकाणी मात्र पुरावा चोख बोलला. एडोजच्या एप्रनचा तुकडा कापलेला होता. तिचा देह पावणेदोनला सापडला आणि सुमारे सव्वा तासाने गोल्स्टन स्ट्रीटवर रक्ताने माखलेला तुकडा मिळाला. डॉ. ब्राउन यांनी दोन्ही तुकडे शिवणीला शिवण लावून जुळविले. खुनी त्या दिशेने गेला हे सिद्ध झाले. पण तुकड्यावरचे रक्त माणसाचेच आहे, असे ते शपथेवर सांगू शकले नाहीत. होम्सने १८८७ च्या कथेत रक्त ओळखण्याचे रसायन शोधले होते खरे. परंतु माणसाचे रक्त जनावराच्या रक्ताहून वेगळे ओळखण्याची उलेनहुथ यांची चाचणी आली १९०१ साली. बोटांच्या ठशांचे कार्यालय आपल्या कलकत्त्यात १८९७ साली आणि लंडनमध्ये १९०१ साली निघाले. डी.एन.ए.वरून माणूस ओळखण्याची युक्ती तर १९८४ सालची! २०१९ साली एडोजची म्हणून सांगितलेल्या एका शालीवरून आरन कोस्मिन्स्की हाच खुनी, असे एका शोधनिबंधात मांडले गेले. पण पोलिसांनी केलेल्या एडोजच्या वस्तूंच्या यादीत शालच नाही. मुळात वस्तू कोणाची हेच ठरत नसेल, तर नवे शास्त्र तरी काय करणार?

मग डॉक्टरांची साक्ष वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. फिलिप्स यांनी चॅपमनबद्दल आणखी काही सांगितले, त्याकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. तिची फुप्फुसे आणि मेंदूवरील आवरणे रोगाने पोखरलेली होती. अंगावर हालअपेष्टांच्या खुणा होत्या. मरणापूर्वी काही तास तिने कडक दारू घेतलेली नव्हती. त्या रात्री खाटेचे भाडे नाही म्हणून तिला मुक्कामाच्या जागेतून बाहेर पडावे लागले होते. निकोल्सपाशीही चार पेन्स नव्हते. मृतदेहाने खुन्याचे नाव सांगितले नाही, पण बाई आजारी आणि अर्धपोटी होती, हे स्वच्छ सांगितले. जगाने मात्र एका शब्दात निकाल लावला: वेश्या. २०१९ साली हॅली रूबेनहोल्ड या इतिहासलेखिकेने ‘द फाइव्ह’ या पुस्तकात, पाचांपैकी तिघी तो व्यवसाय करीत असल्याचा विश्वसनीय पुरावाच नाही, असे प्रतिपादन केले. सर्वांना ते मान्य नाही. पण समजा, पाचही जणी तो व्यवसाय करीत असत्या, तर त्यांच्या जिवाचे मोल कमी झाले असते काय?

माझी आई पहाटे चारला भाजीच्या बाजारात जायला निघते. अंधारात एकट्या निघालेल्या बाईला लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. म्हणून वाचलेले मी तिला सांगत असते. हे सारे ऐकल्यावर खुनी कोण होता, असे तिने विचारलेच नाही. तिने विचारले, “त्या बाईला चार पैसे कोणीच कसे दिले नाहीत गं?”

सव्वाशेहून अधिक वर्षे इतकी पुस्तके निघाली, पण आईच्या या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोणी गुप्तहेर नेमला नाही.