लाल विटांचा शेजार

22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. रंगावरचा 18 होता, तो 18च राहिला. दिवाळीच्या तोंडावर घर रंगवायला काढणाऱ्यांची यावर कुरकुर असते. पण वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यात काय नि आर्वीत काय, ज्यांनी विटा गिलाव्याविना उघड्या ठेवल्या त्यांनी तक्रार करू नये. त्यांना भिंत रंगवायचीच नाही. रंग लागतो तो चौकटींना, खिडकीच्या ग्रिलला, छज्ज्याच्या पट्टीला.

घोडे अडते ते तिथेच. शेडकार्डावर छान दिसलेला राखाडी विटेशेजारी हिरवट वाटू लागतो आणि बोलणी पेंटरला बसतात. पेंटर निर्दोष आहे; दोष शेजारच्या रंगाचा. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात भिंतीवरचे चित्रपडदे विणत. तिथल्या रंगशाळेचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासले, तर रंग चोख. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारामुळे तो फिका भासत होता. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरुद्ध छटेची झाक टाकतो, हे त्यांनी 1839 साली जाडजूड ग्रंथ लिहून मांडले. लालच्या विरुद्ध बाजूला हिरवा. म्हणून विटेजवळ गडद हिरवे दार आणखी हिरवे दिसते आणि वीट आणखी लाल. राखाडीच हवा असेल, तर थोडी उबदार, मातकट छटा निवडा. पांढराशुभ्र मात्र नको, उन्हात डोळ्यांत खुपतो, मोतिया बरा.

दुसरा मार्ग विटेच्या गोतातला, आणि माझा कौल त्यालाच. विटेचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, गेरूचाही तोच, पिवडीतही लोहच. हे रंग उन्हाला सहसा दाद देत नाहीत. मे महिन्यात पारा 45 अंशांवर नेणाऱ्या वर्धा जिल्ह्यात भडक गुलाबी-जांभळे लवकर विटतात. गडद चॉकलेटीही टिकेल, पण पश्चिमेच्या लोखंडी दाराला लावण्याआधी तसल्या दाराला दुपारी एकदा हात लावून पाहा.

विटांवरच चकचकीत ऑइल पेंट मारायची टूम निघाली आहे, ती मला अजिबात पटत नाही. भिंतीतली ओल आत कोंडते, लोणा लागतो, पापुद्रे सुटतात. गांधीजींच्या विचारांनी भारावलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात बिनगिलाव्याच्या विटांची घरे अनेक वर्षे बांधली. सेवाग्रामच्या जिल्ह्यात ते वेगळे सांगायला हवे काय?

पूर्ण डबा घेण्याआधी हातभर पट्टा विटेला लागूनच मारा, सकाळी पाहा आणि चार वाजता पाहा. मोबाइलवरच्या शेडवर भरवसा नको. जुने दार घासताना एक जपा: रंगातल्या शिशावरची 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासूनची आहे. त्याआधीचा थर कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, आणि पोरांना तिथे फिरकू देऊ नका.