दोन तीर आणि एक निवारा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधील जाम नदीत गोटमार होते. आख्यायिका अशी, की पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला आणि ऐन पात्रात दोन्ही तीरांवरून दगड आले. त्या खेळात आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत.

जपानात खेड्यापाड्यांच्या हमरस्त्यालगतही ‘लव्ह हॉटेल’ असते. खोली तासांवर मिळते, नाव सहसा कोणी विचारीत नाही. आपले वडीलधारे हे ऐकून कानांवर हात ठेवतील! परंतु घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारा उभारण्याचा विचार राज्यांनी करावा, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१८ साली सांगितले. २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्याचे ठिकाण आहे, सौंसरही त्यातच. तो निवारा जामच्या कोणत्या तीरावर असावा, एवढेच ठरवायचे.