बिडी ओढली नाही, तरी धाप का लागते?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. धाप लागते म्हणून माणूस दवाखान्यात गेला की पहिली विचारणा होते, "बिडी-सिगारेट ओढता का?" उत्तर "नाही" आलं, की पुष्कळदा चौकशी तिथंच थांबते. आपलं आजचं म्हणणं एवढंच, की दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे : "आयुष्यभर काम काय केलंत, आणि कुठल्या धुरात केलंत?"

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका हळूहळू कायमच्या अरुंद होण्याचा आणि फुप्फुसातले हवेचे फुगे झिजण्याचा आजार. तंबाखूचा धूर हे त्याचं मोठं कारण, यात शंका नाही. पण डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की अंदाजे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. २०१९ साली अमेरिका आणि युरोपातल्या श्वसनतज्ज्ञांच्या संघटनांनी सुमारे १४ टक्के सीओपीडीचा भार कामाच्या जागेवरच्या धूळ-धूर-वायूंवर टाकला.

आता आपल्या सांगलीकडे बघा. बंद स्वयंपाकघरात लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीपुढं वर्षानुवर्षं बसलेली बाई, गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड घालणारा, हळद पॉलिश करताना उडणाऱ्या पिवळ्या धुळीत उभा असणारा, कुपवाड-मिरजेच्या फाउंड्रीत वाळूचे साचे फोडणारा. धूर-धूळ वेगवेगळी, पण वाट एकच : नाकातून फुप्फुसात.

एका धंद्यावर मात्र जरा थांबू, तो म्हणजे गलाई. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव हा भाग पावसाच्या छायेतला. शेती भागवेना, म्हणून इथली माणसं सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या कामाला देशभरच्या शहरांत गेली. सराफी पेठेतल्या गल्लीत एखादी लहान खोली, त्यात भट्टी, मूस आणि अ‍ॅसिड. सोन्यात मिसळलेली चांदी-तांबं काढायला नायट्रिक अ‍ॅसिड वापरतात. चांदी आणि तांबं त्यात विरघळतं, सोनं खाली राहतं आणि वर तांबूस-तपकिरी वाफ उठते. त्या वाफेत मुख्यतः नायट्रोजन डायऑक्साइड असतो.

या वायूची खोड समजून घ्या. अमोनियासारखा वायू पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून तो नाक-डोळ्यांना लगेच झोंबतो आणि माणूस पळतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात कमी विरघळतो. सुरुवातीला फारसा झोंबत नाही, त्यामुळे माणूस काम करत राहतो आणि वायू थेट खोल, बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतो. जास्त मात्रा गेली तर काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. थोडी थोडी रोज जात राहिली, तर नलिकांची सूज मुरत जाते.

१९४८च्या कारखाना कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत या वाफांची विषबाधा होती. पण तो कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून पुढे लागायचा. दोन-तीन माणसांची खोली त्यात बसायची कशी? म्हणजे धोका कागदावर मान्य, पण ज्याला तो जास्त, तोच बाहेर.

मग करायचं काय? तोंडाला रुमाल बांधून वायू अडत नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू नाही. अ‍ॅसिडचं काम बंदिस्त पेटीत, वाफ ओढून बाहेर नेणाऱ्या पंख्याखालीच व्हायला हवं. चुलीच्या बाबतीत गॅस मिळणं पुरेसं नाही, दर महिन्याला सिलिंडर भरणं परवडलं पाहिजे.

आणि तपासणी? नुसत्या एक्स-रेवर विसंबू नका, सुरुवातीला तो ठीक दिसू शकतो. खरी चाचणी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची. औषध ओढल्यानंतरही, सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी बाहेर आली, तर नलिका अरुंद झाल्यात असं समजतात.

झिजलेलं फुप्फुस परत मिळत नाही. पण धुरापासून लांब गेलं, तर पुढची झीज मंदावते. म्हणून दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी आपण होऊन सांगा : कुठल्या शहरात, कुठलं काम, किती वर्षं. गावी परतलेल्या गलाईवाल्याच्या आणि चुलीपुढं आयुष्य घालवलेल्या आजीच्या केसपेपरवर ही एक ओळ हवीच.

आता प्रश्न घेऊ.