दहा खणांची मर्यादा

दिवाळीनंतर हवेत गारवा आला, की लोकरीच्या पिशव्या माळ्यावरून खाली उतरतात. घरात नवे बाळ यायचे असेल, तर आजीच्या हाती सुया येतातच. मात्र हव्या त्या क्रमांकाच्या जोडीतील एकच सुई सापडते. दुसरी गादीखाली, नाही तर नातवंडांच्या खेळण्यांत निघते. तोवर बाजारातून नवी जोडी आलेली असते.

दुकानात प्रत्येक ठाणाची जागा ठरलेली असते. घरात मात्र ही शिस्त विसरली जाते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायातील पाच समितींपैकी चौथी आदाननिक्षेप समिती होय. वस्तू उचलताना व ठेवताना कोणत्याही जीवाला इजा होऊ नये, ही तिची शिकवण. ती मुनींच्या आचाराचा भाग असली, तरी श्रावकाच्या घरालाही मार्गदर्शक आहे. टोकदार सुयांना ठरलेली जागा देणे, ही त्या शिकवणीची छोटीशी सुरुवात ठरते.

त्यासाठी दुकानातील उरलेले सुती तुकडे पुरेसे असतात. रेशमी तुकडा टाळावा. कोश उकळत्या पाण्यात टाकून ते रेशीम काढलेले असते.

३५ सेंटीमीटर लांबीच्या सुयांसाठी ५६ सेंटीमीटर रुंद व ५२ सेंटीमीटर उंच असे दोन तुकडे घ्यावेत. एक जाड, एक अस्तराचा. खणांसाठी ५६ बाय ४८ सेंटीमीटरचा तिसरा तुकडा, सुलट बाजू बाहेर ठेवून, उंचीत निम्मा दुमडावा. तो अस्तराच्या सुलट बाजूवर खालच्या कडेला जुळवावा. दुमड वर राहावी. दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर सोडून, दर पाच सेंटीमीटरला उभी टीप घालावी. दहा खण तयार होतात; कडेच्या अरुंद कप्प्यांत क्रोशाची सुई राहते.

८० सेंटीमीटर नाडी मधोमध दुमडून, ती दुमड उजव्या कडेला, खालून १८ सेंटीमीटरवर टाचावी. टोके आत ठेवावीत. त्यावर जाड कापड सुलट बाजू खाली करून ठेवावे आणि कडेपासून एक सेंटीमीटर आत शिवावे. वर हातभर जागा न ठेवता केवळ १२ सेंटीमीटर उघडे सोडून कापड उलटावे व तेथे हाताने तुरपाई करावी. सुयांची टोके खाली येत असल्याने तळाला दुहेरी टीप हवी. वरचा भाग सुयांवर दुमडून, डावीकडून गुंडाळत आणून नाडी बांधावी.

प्रत्येक खणावर दोऱ्याने क्रमांक भरावा. आपल्याकडील जुन्या मोजणीत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते: ८ क्रमांकाची चार मिलिमीटर, तर १४ क्रमांकाची दोन. क्रमवार लावल्यास रिकामा खण लगेच दिसतो आणि हरवलेल्या सुईचा शोध त्याच दिवशी सुरू होतो.

दहा खण भरले, की अकरावी जोडी घ्यायची नाही, असा नियम घराने करावा. परिग्रहपरिमाण व्रताचा अर्थ नातवंडांना तेथेच उमगेल. जास्तीच्या जोड्या विणकाम शिकू पाहणाऱ्या एखाद्या मुलीच्या हाती द्याव्यात.