मशीन बदलू नका राव!

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आईबाबांकडे एक बंद पडलेलं लंबकाचं घड्याळ असतंच. हॉलच्या भिंतीवर, नाहीतर थेट माळ्यावर. वेळ कायमची सव्वाचार. चालवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही आणि 'आजोबांचं आहे' म्हणून टाकवतही नाही. मग नव्या फ्लॅटच्या इंटीरियरचा विषय निघतो आणि आपल्याला ते एकदम आठवतं. व्हिंटेज लुक! सॉलिड आयडिया!

पुढचा सीन ठरलेला. चादरीत गुंडाळून घड्याळ दुकानात न्यायचं आणि काउंटरवरून ऐकायचं, 'पार्ट मिळत नाहीत. बॅटरीचं मशीन टाकून देतो, अर्ध्या तासात घेऊन जा.' स्वस्त, झटपट, नो टेन्शन. मलाही एका दुकानात हेच सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं, तर कृपा करून 'हो' म्हणू नका.

कारण बंद पडलेलं घड्याळ पुष्कळदा बिघडलेलं नसतं, नुसतं मळलेलं असतं. आतल्या चाकांची पोलादी टोकं पितळी पत्र्याच्या भोकांत फिरतात. तिथलं तेल वर्षानुवर्षांत चिकट होतं, त्यात धूळ मिसळते आणि चक्क पॉलिश पेपरसारखं घासायला लागतं. भोकं लांबट होतात, चाकं अडतात, लंबक दमतो. जाणकार कारागीर आधी स्प्रिंगचा ताण सोडवतो (हा प्रयोग घरी नको, ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फुटतात), मशीन पूर्ण सुटं करून धुतो, झिजलेल्या भोकांत बुश बसवतो आणि घड्याळाचं खास तेल जागच्या जागी थेंबभर देतो. थेंबभरच! खोबरेल ओतणाऱ्या किंवा स्प्रे मारणाऱ्या उत्साही काकांना घड्याळापासून लांब ठेवा.

कधीकधी तर एवढंही करावं लागत नाही. रंगकाम झालं, घड्याळ परत टांगलं आणि दहा मिनिटांत थांबलं, असं झालंय? मग कान लावा. 'टिक' आणि 'टॉक' यांच्यात सारखं अंतर हवं. लंगडत चालल्यासारखा आवाज येत असेल, तर पेटीचं खालचं टोक केसभर डावीकडे-उजवीकडे सरकवून बघा. आवाज समान झाला की घड्याळ चालतं. खर्च शून्य.

वेळ पुढे-मागे जात असेल, तर लंबकाच्या तबकडीखाली छोटा नट असतो. घड्याळ पुढे जातंय? तबकडी जरा खाली घ्या. मागे पडतंय? वर. उन्हाळ्यात मागे पडण्याचं कारण शाळेतल्या सायन्सचंच. उष्णतेने लंबकाची दांडी लांबते. पोलादी दांडी असेल, तर 10 अंशांच्या फरकाला दिवसाकाठी साधारण 5 सेकंद जातात. अचूकतेत क्वार्ट्झ जिंकतं, वादच नाही. त्यातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, आपला लंबक त्याच्यापुढे काय टिकणार!

पण आमच्या घरी अचूकतेचा प्रश्नच नव्हता. आमचं घड्याळ जर्मन, युंगहान्सचं. सदाशिव पेठेतला वाडा पडला तेव्हा ते कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलं. आजीला आता फारसं दिसत नाही. रात्री जाग आली की ती टोले मोजते आणि पुन्हा झोपते. घड्याळ बंद पडलं आणि रात्री दोन-दोनदा हाक यायला लागली, 'किती वाजले गं?' उत्तर मिळालं तरी तिला झोप लागेना. बॅटरीचं मशीन टाकलं असतं, तर काटे फिरले असते, टोले मात्र गेले असते. दर तासाला तितके आणि अर्ध्या तासाला एक, असे दिवसाचे 180 टोले! शेवटी पेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी पाच आठवडे घेऊन ते चालू केलं. खर्च एका वीकेंड आउटिंगएवढा. अशी माणसं आता शोधावी लागतात. जुन्या घड्याळजींना विचारत गेलं की सापडतात.

घरात घड्याळ नाही म्हणून मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाणार असाल, तर जरा जपून. पेटी एकाची, मशीन दुसऱ्याचं, तबकडी तिसऱ्याची, असा संसार सर्रास विकला जातो. पेटीत स्क्रूची जास्तीची भोकं दिसली की समजायचं. मशीनच्या मागच्या पत्र्यावर बरेचदा कंपनीचा शिक्का असतो. युंगहान्सचा म्हणजे आठ टोकांच्या चांदणीत 'जे'.

काटे चारवर आणि टोले सात? घाबरू नका. बऱ्याच जुन्या घड्याळांत टोले मोजणारं खाचांचं चाक काट्यांकडे बघतच नाही, आपलं मोजत पुढे जातं. ते जुळवणं कारागिराला दोन मिनिटांचं काम. काटे मात्र उलटे फिरवू नका.

आणि शेजाऱ्यांची भीती वाटत असेल, तर तबकडीवर चावीची दोन भोकं असतात. बहुतेक घड्याळांत उजवं वेळेचं, डावं टोल्यांचं. माझ्या मैत्रिणीचं बाळ चार महिन्यांचं आहे. ती रविवारी फक्त उजवीकडे चावी देते.