साखळी-करवतीच्या सिलिंडरखालचे पॅकिंग : आधी माप, मग फेरफार

शाहूवाडी तालुक्यात पाऊस उदंड. मलकापुराहून आंबा घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर किंवा डोंगरउतारावरील बांधावर झाड उन्मळून पडले, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, अर्थात ‘चेन-सॉ’, मोठी उपयोगी पडते. हे यंत्र कमी ओढू लागले, की ‘सिलिंडरखालचे पॅकिंग काढा, जोर वाढेल’ असा सल्ला दिला जातो. हा सल्ला सर्वस्वी खोटा नाही. परंतु माप न घेता तो अमलात आणल्यास पिस्टन व सिलिंडर दोन्ही निकामी होण्याचे भय असते.

पॅकिंगचे कार्य

टू-स्ट्रोक इंजिनात हवा, पेट्रोल व तेल यांचे मिश्रण प्रथम पिस्टनखालच्या क्रँक-पेटीत येते व तेथून सिलिंडरच्या वरच्या भागात जाते. म्हणून ही पेटी हवाबंद असावी लागते. बहुतेक साखळी-करवतींत सिलिंडर व त्याचे डोके एकसंध ओतलेले असते. पॅकिंग असते ते सिलिंडर व क्रँक-पेटी यांच्यामध्ये. ते सांधा हवाबंद राखते आणि सिलिंडरची उंचीही ठरविते.

काढल्याने काय घडते

अर्धा मि.मी. जाडीचे पॅकिंग काढले, की सिलिंडर तितकाच खाली बसतो. त्याचा आतील व्यास ४५ मि.मी. असेल, तर मिश्रण पेटण्याच्या जागेतून सुमारे ०.८ घन सें.मी. जागा कमी होते. मिश्रण अधिक दाबले जाते व जोर वाढतो. मात्र भिंतीतील छिद्रेही खाली सरकतात. धूर बाहेर पडण्याचे छिद्र उशिरा उघडते व लवकर मिटते. परिणामी कमी वेगात ओढ वाढते, पण अतिवेगात यंत्र पूर्वीइतके मोकळे धावत नाही. दाबाबरोबर उष्णताही वाढते, हे विसरू नये.

माप कसे घ्यावे

स्पार्क प्लग काढून सुमारे दीड मि.मी. जाडीची सोल्डरची मऊ तार छिद्रातून आत सोडावी. तिचे टोक पिस्टनच्या पिनेच्या रेषेत सिलिंडरच्या भिंतीस टेकवावे. मग चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे. चेपलेल्या टोकाची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. समोरच्या बाजूसही असेच माप घेऊन लहान आकडा धरावा.

त्यातून पॅकिंगची जाडी वजा करावी. माप १.१ मि.मी. व पॅकिंग ०.५ मि.मी. असल्यास ०.६ मि.मी. अंतर उरते. हे अंतर अर्ध्या मि.मी.हून कमी होत असल्यास पॅकिंग काढू नये. वेगात पिस्टन डोक्यावर आदळू शकतो. अंतर पुरेसे असले, तरी पेट्रोल व उष्णता सोसणारे सीलंट अगदी पातळ लावावे. ते आत ओघळून मिश्रणाची वाट अडवणार नाही, हे पाहावे.

सांधा गळका राहिला, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोल व तेलाचे प्रमाण घटते आणि पिस्टन तापून चिकटतो. ट्रिगर सोडल्यावरही वेग लवकर उतरत नसेल, तर यंत्र तत्काळ बंद करून सांधा तपासावा. फाटलेल्या पॅकिंगऐवजी मिळेल तो जाड पुठ्ठा कापून बसविणेही अयोग्यच. त्याने सिलिंडर उचलला जाऊन दाब कमी होतो.

प्रथम साधी कारणे पाहावीत

लाकडाच्या कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा पडत असेल, तर दोष इंजिनात नसून बोथट दात्यांत आहे, कानस फिरवावी. हवेची गाळणी धुवावी. सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेली काजळी काढावी. तेलाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. १:५० सांगितले असल्यास एक लिटर पेट्रोलला २० मि.लि. टू-स्ट्रोक तेल घ्यावे. एवढ्याने ओढ परत आली, तर सिलिंडर उघडण्याचे कारणच उरत नाही.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हे माप शेतकऱ्यांस प्रत्यक्ष घेऊन दाखवावे. गावात मायक्रोमीटर नसल्यास चेपलेली तार कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या लेथ कारखान्यात मोजून आणता येईल. झाड तोडण्यापूर्वी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये परवानगी लागते किंवा कसे, याचीही चौकशी शेतकरी बंधूंनी अवश्य करावी. तारेच्या एका तुकड्याला फारसा खर्च नाही. चिकटलेल्या पिस्टनचा खर्च मात्र ऐन कामाच्या दिवसांत सोसावा लागतो.