देवबलौद्याचे अपुरे शिखर

भिलाई म्हटले की पोलादाच्या भट्ट्याच डोळ्यांसमोर उभ्या राहतात. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. परंतु या नव्या नगरीच्या शेजारी, चरोद्याजवळील देवबलौदा गावात, कित्येक शतकांपूर्वीची एक वास्तू आजही उभी आहे. ती म्हणजे कलचुरी काळातील, सामान्यतः तेराव्या शतकातले मानले जाणारे शिवमंदिर.

मंदिर वालुकाश्माचे असून त्याचे मुख पूर्वेस आहे. खांबांच्या मंडपातून काही पायऱ्या उतरल्यावर गाभारा लागतो. बाहेरील भिंतींवर देवदेवतांबरोबर हत्ती आणि शिकारीचे प्रसंगही कोरलेले आहेत. शेजारी कुंड आहे. शिखर मात्र पूर्ण नाही. लोककथा त्याचे कारण सांगते: शिल्पी कामात इतका तल्लीन होई की त्याला वस्त्राचेही भान राहत नसे. जेवण नेहमी पत्नी आणी. एके दिवशी बहीण आली, आणि लज्जेने त्याने कुंडात उडी घेतली. काम तसेच राहिले.

मग ते शिखर आता पूर्ण का करू नये? भाविकाच्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षण म्हणजे नूतनीकरण नव्हे. नवे शिखर कितीही सुबक असले, तरी ते आजच्या कल्पनेचे ठरेल, आणि जुन्या शिल्पीची साक्ष त्याखाली पुसली जाईल. म्हणून डागडुजी करावयाची, पण भर घालावयाची नाही. १९५८ च्या कायद्यानुसार अशा वास्तूस इजा करणे हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीने तिच्या सभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे.

तथापि संरक्षण म्हणजे कुलूपही नव्हे. इंग्लंडच्या खेड्यांत शेतकऱ्यांची जुनी घरे सूचीत नोंदवून जपतात. कुटुंब तेथे राहते, परंतु घराचे रूप पालटावयाचे तर आधी अनुमती लागते. देवबलौद्यातही पूजा चालते, महाशिवरात्रीस जत्रा भरते. वास्तू जपली जाते ती कायद्याने, आणि तितकीच उंबरठ्यावर येणाऱ्यांच्या संयमाने. भिलाईत लोखंड वितळवून त्याला नवा आकार देता येतो. देवबलौद्याचा झिजलेला दगड मात्र पुन्हा घडविता येत नाही.